विस्कटलेली दप्तरे आणि त्यांच्या सूचींचा शोध

दादरा व नगर हवेली या प्रदेशातील सायली हे सिल्वासाजवळचे गाव आज तेथील वैद्यकीय महाविद्यालयामुळे परिचित झाले आहे. दमणगंगेच्या खोऱ्यातील या गावांची मालकी कोणाची, हा प्रश्न एकेकाळी युरोपातील हेग नगरीत, आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे, चार वर्षांहून अधिक काळ चर्चिला गेला आणि त्याच्या निर्णयात पुणे दरबारच्या दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी कागदांना मोठे वजन आले, ही गोष्ट मात्र फारशी आठवली जात नाही. ग्रंथालयाच्या सभासदांस तीत विशेष रस वाटावा. कारण कागद जपणे आणि कागदाचा ठावठिकाणा जपणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तीवरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या प्रकरणावरून होत असेल.

पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ साली तह झाला. त्याच्या सतराव्या कलमान्वये दमणच्या बाजूची बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची गावे पोर्तुगिजांस लावून देण्याचे ठरले. पुढे १७८३ आणि १७८५ अशा दोन सनदांनी ती प्रत्यक्षात दिली गेली. प्रथम नगर हवेलीतील, नंतर दादऱ्याकडील. दिले म्हणजे नेमके काय दिले? वसूल, की राज्य? अठराव्या शतकात हा प्रश्न कोणी विचारला नसता, कारण पुणे दरबारी जहागीर आणि सरंजाम हे शब्द रोजच्या व्यवहारातले होते आणि त्यांचा अर्थ लहान कारकुनासही ठाऊक होता. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आझाद गोमंतक दल व इतर संघटनांच्या स्वयंसेवकांनी दादरा, नरोली आणि सिल्वासा मुक्त केले, तेव्हा हा प्रश्न एकाएकी जिवंत झाला. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगच्या न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला. दमणहून या प्रदेशात जाण्यायेण्याचा आपला हक्क भारताने अडवला, अशी तक्रार होती, आणि हक्काचा पाया म्हणून १७७९ चा तह व त्या दोन सनदा पुढे करण्यात आल्या होत्या.

येथे पहिलीच अडचण उभी राहिली. न्यायालयापुढे आलेले तहाचे पाठ परस्परांशी जुळत नव्हते, आणि उभय पक्षांनी साक्षांकित केलेला, दोघांनाही मान्य असा एकही पाठ उपलब्ध नव्हता. तहच मुळात पक्का झाला नाही, असे भारताने म्हणून पाहिले. न्यायालयाने ते मानले नाही. पुढील मराठी कागदांत या तहाचा उल्लेख वारंवार येतो, सनदाही त्याच्याच आधारे निघाल्या आहेत, तेव्हा मराठ्यांनी तो बंधनकारक मानला होता, असा निर्वाळा दिला. परंतु त्याच कागदांच्या आधारे दुसरा निष्कर्षही निघाला. तहाच्या इतर कलमांत जेथे मुलूख कायमचा तोडून द्यावयाचा आहे तेथे तसे स्पष्ट शब्द आहेत. सतराव्या कलमात ते नाहीत. सनदांतील भाषा तर वार्षिक बारा हजारांच्या जहागिरीची किंवा सरंजामाचीच आहे. अशा देणगीचा अर्थ राज्यदान असा लावल्याचे एकही उदाहरण न्यायालयास दाखवता आले नाही. १२ एप्रिल १९६० च्या निकालात म्हणूनच स्पष्ट म्हटले गेले, की मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलेले नव्हते. पुढे ब्रिटिशांनी पोर्तुगिजांची सत्ता प्रत्यक्षात मान्य केली, त्यामुळे खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क न्यायालयाने पोर्तुगालला दिला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी तो नाकारला, आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही असे ठरविले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विधिवत समाविष्ट झाला.

एका कलमाचा अर्थ दुसऱ्या कलमाशेजारी ठेवून लावायचा, सनदेचा अर्थ तहाशी ताडून लावायचा, हे तेव्हाच शक्य होते जेव्हा तहाचा कागद तहाजवळ आणि सनद सनदेच्या साली सापडते. सुटा कागद कितीही जुना असला तरी मुका असतो. त्याला बोलता करते ती त्याची जागा: तो कोणत्या रुमालात होता, त्याच्या मागेपुढे काय होते, त्यावर कोणत्या कारकुनाने कोणता शेरा मारला होता. मराठी दप्तरखान्याचे मोठेपण या जागेच्या व्यवस्थेत होते, आणि त्याची शोकांतिकाही तेथेच घडली.

हुजूर दप्तराची रचना मोठी विचारपूर्वक झालेली होती. रोजकीर्दीत प्रत्येक दिवसाचा व्यवहार लिहिला जाई. तोच व्यवहार खतावणीत विषयवार लागे, तरजुम्यात त्याचा गोषवारा येई आणि ताळेबंदात सबंध वर्षाची बेरीज पडे. कागद नोंदला गेला की त्यावर ‘सुरू सूद’ किंवा ‘बार सूद’ असा शेरा पडे. आलेल्या पत्राच्या पाठीवर पोहोचल्याची तिथी लिहिली जाई. एका देणगीची नोंद अशा रीतीने चार-पाच ठिकाणी राही, आणि शिवाय ज्याला देणगी मिळाली त्याच्या घरी मूळ सनद, गावच्या कुलकर्ण्याकडे तिची नक्कल. एक जागा नष्ट झाली तरी उरलेल्या जागांवरून ती भरून काढता येई. नाना फडणिसांच्या कारकिर्दीत ही व्यवस्था विशेष नेटकी झाली, असे पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनीही लिहून ठेवले आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मात्र तिचा कणाच मोडला. दप्तराची आस्थापना जवळजवळ मोडीत निघाली, आणि ज्याला जो कागद हवा तो त्याने न्यावा अशी स्थिती आली. १८१८ नंतर एल्फिन्स्टनचा साहाय्यक मॅक्लिऑड याने ही दप्तरे गोळा केली तेव्हा त्याला कागद पुष्कळ मिळाले, परंतु व्यवस्था फार थोडी मिळाली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनचे हिशेब बऱ्याच अंशी शाबूत होते. ज्या राजवटीचा तो स्वतः वारस होता तिच्या अखेरच्या वीस वर्षांचे कागद सर्वांत तुटक होते.

संगणकाच्या युगातील वाचकाला या स्थितीचे नाव चटकन सुचेल. मोठ्या सर्व्हरमध्ये अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून त्यांचा एक मोठा व्हॉल्यूम केलेला असतो. कोणती डिस्क कितवी, कोणत्या तुकड्यानंतर कोणता तुकडा, याची एक छोटी नोंद प्रत्येक डिस्कच्या आरंभी ठेवलेली असते. तिला मेटाडेटा म्हणतात. सबंध डिस्कच्या मानाने ती जागा नगण्य असते. पण तेवढीच बिघडली तर सगळी सामग्री जागच्या जागी असूनही यंत्राला ती डिस्क कोरी दिसते. लिनक्स प्रणालीतील व्हॉल्यूम-व्यवस्था म्हणून दर फेरफाराच्या आधी या नोंदीची जुनी प्रत वाचता येईल अशा साध्या मजकुरात, तारखेसह, दुसरीकडे बाजूला ठेवते. आणि डिस्कवरील नोंदीच्या जागेतही नवी नोंद जुनीवर लगेच लिहिली जात नाही, जागा संपेपर्यंत मागच्या नोंदी तेथेच पडून असतात. फाइलव्यवस्थाही आपल्या मूळ तक्त्याच्या प्रती डिस्कवर ठिकठिकाणी विखरून ठेवतात. पुण्याच्या फडावरील कारकुनांना ही युक्ती अनोळखी वाटली नसती.

दुरुस्तीचा क्रमही फारसा वेगळा नाही. जाणकार माणूस प्रथम मूळ डिस्कवर काहीही लिहीत नाही. तिची प्रतिकृती घेतो. मग जुन्या नोंदी काढून, प्रत्येक डिस्कची ओळखखूण त्यांच्याशी ताडून, रचना पुन्हा बसवतो. येथे एक धोका असतो. व्हॉल्यूमची रचना मध्यंतरी बदललेली असेल आणि नोंद त्याआधीची घेतली, तर यंत्र तक्रार न करता ती स्वीकारते. आरंभीचा मजकूर नीट वाचता येतो, आणि पुढे कोठेतरी एका फाइलीच्या पोटात दुसऱ्या फाइलीचा तुकडा निघतो. चुकीचे साल लावलेले पत्र असेच करते. ते इतिहासात बिनबोभाट बसते, आणि बिघाड दिसतो तो दोन प्रकरणांनंतर.

इंग्रजांनी दप्तर जुळवायला घेतले ते इतिहासासाठी नव्हे, महसुलासाठी. इनामांची चौकशी १८४० नंतरच्या दशकात दक्षिण महाराष्ट्रात सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. इनामदाराने सनद दाखवावी आणि कमिशनच्या कारकुनांनी ती रोजकीर्दीशी ताडून पाहावी, असा तो प्रकार. बनावट सनदा सापडल्या, हे खरे. परंतु दप्तरातील नोंद हरवली म्हणून खऱ्या हक्कदाराचे इनाम धोक्यात आले नसेल असे कोणाला म्हणता येईल? ज्या राजवटीने कागद विखरू दिले तिची शिक्षा तिच्या रयतेला भोगावी लागली. या चौकशीचा रोष किती खोल होता ते १८५८ साली दिसले. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांच्या माणसांनी पोलिटिकल एजंट मॅन्सन याला ठार केले. हा मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनात काम केलेला होता. तथापि याच कमिशनने रुमालांना क्रमांक दिले, याद्या केल्या, दप्तरास पुन्हा उभे राहण्यापुरता आधार दिला, हेही नाकारता येत नाही. ‘एलिएनेशन ऑफिस’ या रूक्ष नावाखाली ते दप्तर पुढे कित्येक वर्षे बंद राहिले.

त्या बंद दाराबाहेर मराठी संशोधकांनी दुसरी वाट काढली. सरकार दप्तर दाखवत नाही, तर घराघरांतली दप्तरे पाहावीत, असे राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, पारसनीस यांनी ठरविले. राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे बावीस झाले. माळ्यावरच्या बासनात, अडगळीत, कधी वाण्याच्या पुडीच्या वाटेवर असलेले हे कागद होते. त्यांना साल लावणे हे संशोधकाचे पहिले काम होते, आणि तेच सर्वांत कठीण.

याचे कारण पत्र लिहिण्याच्या पद्धतीत आहे. सनदेवर सुहूर सन असे, पण साध्या पत्राच्या अखेरीस बहुधा ‘छ ९ रजब’ एवढेच, म्हणजे मुसलमानी महिना आणि चंद्र. साल नाही, ते लिहिणाराला आणि वाचणाराला माहीतच होते, आणि दप्तरात पत्र त्या सालाच्या रुमालात पडत असल्याने कोणाचे काही अडत नव्हते. रुमाल सुटला की साल गेले. मग पत्राच्या पोटात शिरून ते काढावे लागते. हिजरी महिने दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकतात आणि साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतात. १७८३ साली रजब जूनच्या आरंभी लागला. त्यापूर्वी असा योग १७५० च्या सुमारास आला होता आणि पुढे तो १८१५-१६ मध्ये आला. तेव्हा ‘रजब’ म्हणणाऱ्या पत्रात मृगाचा पाऊस पडल्याची बातमी असेल, तर साल या तीन ठिकाणांच्या आसपास शोधावे लागते. पत्रात वार दिला असेल, मंदवार किंवा भृगुवार, तर वर्तुळ आणखी आवळते. एखाद्या सरदाराचे नाव, एखाद्याच्या मृत्यूची बातमी आली की बहुधा एकच साल उरते. मोडकांच्या जंत्रीसारखी साधने याच कामासाठी तयार झाली, आणि जुन्या संशोधकांच्या टेबलावर ती सदैव उघडी असत.

जेथे सुहूर सन दिलेला असतो तेथेही सारे सरळ नसते. तो मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. त्यामुळे १७८३ च्या मे महिन्यातील कागदावर ‘सलास समानीन मया व अलफ’, म्हणजे ११८३, आणि त्याच जूनच्या मध्यावरील कागदावर ‘अर्बा समानीन’, म्हणजे ११८४, असे येते. नगर हवेलीचा ताबा याच जूनच्या १० तारखेस पोर्तुगिजांकडे गेला. पोर्तुगीज लेखकाच्या दृष्टीने ते एकच वर्ष, पुण्याच्या कारकुनाच्या दृष्टीने दोन. ज्याला हे ठाऊक नाही त्याने दुसरा रुमाल उघडलाच नाही, तर अर्धे प्रकरण त्याच्या दृष्टीस पडणार नाही. त्यात कसरीने अक्षर खाल्ले की अनर्थ आणखी वाढतो. ‘समान’ म्हणजे आठ आणि ‘समानीन’ म्हणजे ऐंशी. ‘सबा’ म्हणजे सात आणि ‘सबैन’ म्हणजे सत्तर. शब्दाचा शेवट कुरतडला गेला तर एकम कोणता आणि दशक कोणते हेच कळेनासे होते.

सरकारी दप्तराचे दार अखेर १९२९-३० च्या सुमारास उघडले. यदुनाथ सरकारांचा पाठपुरावा त्यामागे होता, आणि काम सोपविले गेले ते बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे. सुमारे पस्तीस हजार रुमाल, त्यांपैकी सत्तावीस हजारांवर मोडीतले. सरदेसाई आणि त्यांच्या मदतनीसांनी ते चाळले आणि १९३० ते १९३४ या अल्प काळात पेशवे दप्तराच्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. हा वेग आजही थक्क करतो. आणि घाईचे काही दोष त्यात राहिले, काही पत्रांची साले पुढील अभ्यासकांना बदलावी लागली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु खंडांच्या गौरवात सरदेसायांचे दुसरे एक लहान पुस्तक झाकले गेले. १९३३ साली त्यांनी या दप्तराची इंग्रजी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. कोणत्या विभागात कोणते कागद, कोठून कोठपर्यंत, एवढेच सांगणारे ते पुस्तक आहे. ते कोणी रात्री जागून वाचत नाही. पण पंचेचाळीस खंडांत जे आले नाही, आणि न आलेले कित्येक पटींनी अधिक आहे, त्याच्याकडे जाण्याची वाट या पुस्तकातून जाते. गोव्याच्या बाजूने हेच काम पांडुरंग पिसुर्लेकरांनी केले. तेथील ऐतिहासिक दप्तरखान्याचे प्रमुख या नात्याने दीर्घकाळ काम केल्यावर त्यांनी पोर्तुगीज भारतातील दप्तरांची मार्गदर्शिका १९५५ साली काढली. हेगचा दावा त्याच वर्षीचा, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

ज्या संग्रहात ओळखखूण प्रत्येक वस्तूच्या अंगावरच असते तो संग्रह आघात सोसू शकतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील हस्तलिखितांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. मुंबई सरकारसाठी ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटरसन आदी विद्वानांनी मिळविलेल्या या पोथ्या १९१८ साली संस्थेकडे आल्या. त्यांचे क्रमांक नुसते क्रमांक नाहीत. संग्रहाचे वर्षही त्यात गुंफलेले आहे. ‘१८७५-७६’ पाहिले की ब्यूलरची काश्मीरची फेरी जाणकारास आठवते. ५ जानेवारी २००४ रोजी संस्थेवर हल्ला झाला, कपाटे उलथली गेली, ग्रंथ आणि पोथ्या जमिनीवर विखुरल्या. त्यानंतरच्या दिवसांत अनेक नागरिक आणि विद्यार्थी आवराआवरीस धावून आले. त्यांतील सर्वांनाच शारदा किंवा जुनी नागरी लिपी वाचता येण्याचे कारण नव्हते. पण क्रमांक कोणालाही वाचता येतो.

ग्रंथालयांच्या कपाटांतही हीच शिकवण गुपचूप पाळली जाते. दाखल नोंदवही आणि पुस्तकाच्या पानावरचा दाखल अंक या जुन्या जोडीला आज काही ठिकाणी कालबाह्य समजले जाते, कारण सूची संगणकावर गेली आहे. पण संगणकातील सूची एका रात्रीत अवाच्य होऊ शकते, आणि तशा वेळी ती पुन्हा उभी करण्यासाठी नोंदवहीइतके खात्रीचे साधन दुसरे नाही. जी नोंदवही रद्दीत गेली तिच्यासोबत कोणते पुस्तक कोणी केव्हा दिले हेही गेले.

पेशवे दप्तरातील कागदांच्या प्रतिमा आता संगणकावर घेतल्या जात आहेत. प्रतिमेसोबत रुमालाचा क्रमांक राहिला नाही, तर अठराव्या शतकातल्याच अडचणीला नवे घर मिळेल. रुमालातला क्रम छायाचित्रकाराच्या सोयीने बदलला, तरीही. नावांचा प्रश्न वेगळाच आहे. मोडीत शब्द सुटे लिहिले जात नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ इकार एकच असतो. सिल्वासा या नावामागे स्थानिक ‘सेलवास’ आहे, आणि सायलीसारखे छोटे गाव मोडी, पोर्तुगीज आणि इंग्रजी कागदांतून तीन प्रकारे लिहिले जाण्याचा संभव आहे. त्या गावाच्या सनदेचा, वसुलाचा, सीमेच्या तंट्याचा कागद शोधणारा अभ्यासक यांपैकी एकच रूप घेऊन येईल. उरलेली दोन त्याला सूचीने दाखवायची असतात, आणि ती सूची अजून व्हायची आहे.